सुमनअक्काची शेवटची हरकत

अक्का, तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि बोरमाळातली निम्मी माणसं अजून म्हणतात की गेल्या आठवड्यातल्या ग्रामसभेला तू आली होतीस. मी त्यांच्याशी वाद घालत बसत नाही. एक तर वाद घालणं हे तुझं खातं होतं, माझं फक्त लिहून घेण्याचं. आणि दुसरं म्हणजे त्या दिवशी काय झालं ते माझं मलाच अजून नीट सांगता येत नाही. तुलाच सांगून बघते.

तू पहिल्यांदा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आलीस तेव्हा मी तुला ओळखत होते ते फक्त नर्सबाई म्हणून. तीस वर्षं तू सुया टोचल्यास, बाळंतपणं केलीस, पोलिओच्या फेरीत दारोदार खडूच्या खुणा केल्यास. आधी तिकडं साताऱ्यात मेढ्याच्या डोंगरात, मग आपल्या या कोरड्या पूर्वभागात. निवृत्त झालीस आणि तुला काही सुचेना. लसीचा तो निळा डबा मात्र तू सोडला नव्हतास, त्यात आता चपात्या असायच्या. त्या दिवशी त्याच डब्यातून, चपात्यांच्या फडक्याखालून, तू कागदांची चळत काढलीस. ग्रामसभेच्या हजेरीच्या नकला होत्या, माहिती अधिकारात मागवलेल्या. त्यांचा आणखी एक संच तुला हवा होता.

मी एकेक कागद काचेवर ठेवत होते आणि बाहेर आलेल्या गरम कागदावर तू बोट ठेवत होतीस.

“ही तीन वर्सामागं गेली. डोळं मीच मिटलं तिचं.”

पुढचा कागद.

“ह्यो बी न्हाई. ही बी न्हाई. ह्येला तर साप चावल्याला.”

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. मग तुझं बोट एका नावावर थांबलं आणि तू चष्म्यावरून माझ्याकडं बघितलंस. “मंदे, ह्यो तुजा सासरा न्हवं?”

होता. नाव पूर्ण, सही निळ्या शाईत, चांगली वळणदार. आयुष्यभर अंगठा उठवत आलेला माणूस मेल्यावर सही करायला शिकला म्हणून मी हसले. तू हसली नाहीस. ती नक्कल मी घरी नेली आणि सासूला दाखवली. तिनं बराच वेळ त्या सहीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “कवा आल्तं?” मी म्हटलं, आले नव्हते, कुणीतरी खोटी सही केली. ती म्हणाली, “व्हय, पर कवा आल्तं?”

यात कुणी फार मोठा डाव रचला होता असंही नाही, हे तूच मला समजावलंस. ग्रामसभेला शंभर माणूस लागतं. येतात तीस-चाळीस. मग सभा उरकल्यावर शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो आणि दारात जो भेटेल तो घरातल्या सगळ्यांच्या सह्या ठोकून देतो. सगळ्यांच्या म्हणजे भिंतीवर हार घातलेल्यांच्या सुद्धा. कुणाला त्यात पाप वाटत नव्हतं. आणि अशा सभांनी गावाच्या नावावर काय काय मंजूर करून टाकलं होतं ते मात्र मी त्या रात्री दुकानात बसून शेवटच्या कागदापर्यंत वाचलं.

तेव्हापासून आपण सभा बघायला लागलो. ना संस्था, ना पाटी. शेजारच्या गावांतल्या चार-दोन बाया आल्या, मेढ्याकडच्या तुझ्या जुन्या मैत्रिणी तिकडच्या सभांना बसून तुला फोनवर सांगायला लागल्या. लोक म्हणायचे, या बायांना घरी काम नाही. तू म्हणायचीस, व्हय, न्हाईच.

तुझी पद्धत दवाखान्यातली होती. तू बोलायचीस, मी लिहायची. पण वही तुझीही असायची. एकमेकींच्या वहीत डोकवायचं नाही. सभा संपली की दुकानात येऊन दोन्ही वह्या काउंटरवर उघडायच्या. दोन्हींत एकसारखं आलं असेल ते खरं. एकीत आहे आणि दुसरीत नाही ते ऐकीव, त्यावर रेघ. मला वाटायचं, कशाला एवढं सोवळं? पण पुढं पुढं रेघ मारायची वेळ फारशी येईना, तेव्हा मला त्याचाही अभिमान वाटायला लागला.

मग तू ती रीत सुरू केलीस जिचा मला अखेरपर्यंत त्रास झाला. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं की तू उठायचीस आणि हजेरीतल्या मेलेल्या माणसांची नावं वाचायचीस. एक नाव, आणि थांबायचीस. नुसती दम घेण्यापुरती नाही, दवाखान्यात पुढच्या पेशंटला हाक मारून वाट बघावी तशी. मग दुसरं नाव. त्या मधल्या वेळात समाजमंदिरात पंख्याशिवाय काही ऐकू यायचं नाही आणि माणसं नकळत दाराकडं बघायची. एकदा तू हौसाबाईचं नाव घेतलंस आणि मागून कुणीतरी “व्हय” म्हणालं. बारीक, थकलेला बाईचा आवाज. मागं त्या दिवशी बायका चारच होत्या, सगळ्या माझ्या वयाच्या, चौघींनी कानाला हात लावले. माझ्या वहीत तो “व्हय” आहे. दुकानात आल्यावर तुझी वही उघडली तर तुझ्याही वहीत होता. तू त्यावर रेघ मारली नाहीस, मीही मारली नाही, आणि आपण त्या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही.

गायरानाचा विषय आला तो गेल्या वर्षी. डोंगराच्या पायथ्याची ती पड जमीन, अख्ख्या गावाच्या चराईची. सौरऊर्जेच्या एका कंपनीला ती द्यायची असं सरपंचांनी ठरवलं. आमच्या घरची मेंढरं तिथंच चरतात. जमीन गेली तर दिराला मेंढरं विकावी लागतील आणि सासू त्या धक्क्यानं किती दिवस काढेल, हे मला माहीत होतं. ठराव झालासुद्धा. हजेरी भरपूर. आपण नक्कल काढली, तर त्यात अकरा मेलेले. तू ती अकरा नावं पंचायत समितीत नेऊन दिलीस, मृत्यूच्या दाखल्यांसकट. सभा रद्द झाली, सभा नव्यानं घ्या असा कागद आला, आणि तो कागद तू माझ्याकडून पंधरा वेळा झेरॉक्स करून घेतलास. उगाच. आनंदानं.

आणि मग आपलं भांडण झालं. तू साताऱ्याला लेकीकडं चालली होतीस, त्याच्या आदल्या दिवशी, माझ्याच दुकानात.

“नव्या सभंत तू बोल, मंदे. गायरानात मेंढरं तुज्या घरची जात्यात, माजी न्हाईत.”

“म्हनून तर मी बोलनार न्हाई. बघनाऱ्यानं बाजू घ्याची नसती, तूच शिकिवलंस.”

“बघून बघून डोळं दुखाय लागलं आता. तोंड कवा उघडनार?”

“मी काय तुजी मुनीम हाय व्हय? येवडं हाय तर तुजं तू बोल. मी न्हाई येत जा त्या सभंला.”

तू डबा उचललास आणि गेलीस. मागं वळून नेहमीसारखं काही बोलली नाहीस. मला वाटलं, चार दिवसांनी येईल, मग मी चहा मागवीन, मग आपोआप मिटेल. चार दिवसांनी तुला आणलं ते गाडीतून, पांढऱ्या चादरीत. त्या भांडणाची मला लाज वाटते, अक्का. तुझं म्हणणं बरोबर होतं म्हणून नव्हे. ते बरोबर होतं की नाही हे मला अजून माहीत नाही. मी ज्या तोऱ्यात बोलले त्याची लाज वाटते.

गायरानाच्या कडेलाच तुझं सरण रचलं. वंदना चालू होती तेव्हा वर डोंगरावर आमचीच मेंढरं होती, आणि ती चरायची थांबली होती. दीर म्हणाला, धुराला भितात. असेल.

तुझ्यामागच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तुझ्या लेकीनं तुझा फोन आणि तो निळा डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, “मावशी, सभांचं रेकॉर्डिंग हाय ह्यात, तुमालाच उपेगी.” मी दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकायला बसले. प्रत्येक वेळी सुरुवातीला तू गावाचं नाव सांगतेस, मग डोकी मोजतेस, पाच-पाचाच्या गटानं, पोलिओच्या पोरांसारखी. शेवटचं रेकॉर्डिंग गायरानाच्या त्या पहिल्या सभेचं. सभा संपते, खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, मी “चल की गं अक्का” म्हणते आणि माझ्या चपलांचा आवाज लांब जातो. तू बंद करायला विसरलीस असं मला वाटलं. मग बराच वेळ नुसता पंखा. मग तू मोजायला लागतेस. रिकाम्या समाजमंदिरात. या वेळी पाच-पाच नाही, एकेक करून, सावकाश. एक. दोन. अकरापर्यंत. मग तुझा आवाज येतो, बाळंतिणीशी बोलायचीस तसा: “बसा. घाई न्हाई.”

ती अकरा नावं आपल्याला नंतर दोन आठवड्यांनी, नक्कल मिळाल्यावर कळली होती.

मी तो फोन बंद करून तुझ्या डब्यात ठेवला आणि डबा दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर. तू खुर्च्या मोजत असशील, असं मी स्वतःला सांगितलं. अजूनही सांगते.

नवी सभा पुण्यानुमोदनानंतर चौथ्या दिवशी होती. जायचं नाही असंच मी ठरवलं होतं, पण वही घेऊन निघाले, कारण घरात बसवेना. समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. बोरमाळात एवढी माणसं मी लग्नात सुद्धा बघितली नाहीत. तू ज्यांची बाळंतपणं केलीस त्या सगळ्या आल्या होत्या, आणि ज्यांना जगात आणलंस तेही. शंभराच्या वर खरीखुरी, जिवंत माणसं. तू असतीस तर दोनदा मोजली असतीस. पुढच्या रांगेत उजव्या कडेची तुझी खुर्ची तेवढी रिकामी होती. कुणी ठेवली नव्हती, राहिली होती. म्हाताऱ्या बायका खाली बसल्या, पण तिच्यावर कुणी बसेना.

सरपंच उठले. “सुमनअक्कांनी माज्या पोराला जगात आणलं,” ते म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला. त्यांचे डोळे खरंच भरले होते, मी ते वहीत लिहिलं आहे, कारण खरं ते खरं. मग म्हणाले, “त्यांच्या मागारी आज दुसरा कुटला विषय घ्याचं मन हुईत न्हाई. दोन मिन्टं उभं ऱ्हाऊ, शोक ठराव करू आन् सभा तहकूब करू. तहकूब सभा शुक्रवारी.”

माणसं माना डोलवायला लागली. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला शंभर माणसं लागत नाहीत, हे आपण दुसऱ्या एका गावात डोळ्यांनी बघितलं होतं. नऊ जण होते तिथं, आणि चहा यायच्या आत सगळं मंजूर. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी इथं कोण येणार होतं? तुझ्या नावानं जमलेला गाव तुझ्याच नावानं घरी पाठवायचा आणि गायरान द्यायचं. सरपंचांनी हे मुद्दाम केलं की रडत रडत सुचलं, मला नाही सांगता येणार. दोन्ही असेल.

सगळे उभे राहिले. मीही. शांतता झाली, आणि ती शांतता माझ्या ओळखीची होती, तू नाव घेऊन थांबायचीस तीच. माणसं दाराकडं बघत होती. मी मान खाली घालून वहीत “शोक ठराव” एवढं लिहीत होते. तेवढ्यात आवाज आला.

“हरकत हाय माजी.”

तो पुढून आला, उजवीकडून. मी लिहीतच होते. हात थांबला नाही.

“शोक करा, पर सभा तहकूब करू नगा. मेलेल्या मानसाचं नाव घिऊन जित्या मानसास्नी घरला लावता व्हय? शंभर डोकी हाईत हितं. गायरानाचा इषय आत्ता घ्या, आन् हात वर करून घ्या.”

कोण बोललं ते बघायला मी मान वर केली. सगळा गाव माझ्याकडं बघत होता. माझी सासू पण. माझा घसा आतून सोलल्यासारखा जळत होता.

पुढचं सगळं भराभर झालं. मागून पोरं ओरडली, “घ्या, घ्या.” सरपंचांनी इकडं तिकडं बघितलं आणि खाली बसले. विषय घेतला गेला, हात वर झाले, मी पाच-पाचानं मोजले. गायरान गेलं नाही. घरी येताना सासू म्हणाली, “अक्काच बोलली.” मी म्हटलं, मी बोलले. ती म्हणाली, “तुजा आवाज मला ठावं न्हाई व्हय?”

काल मी इतिवृत्ताची नक्कल आणायला ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वही पुढं सरकवली. त्यांचं सुवाच्य अक्षर तुला माहीत आहे. तिथं लिहिलं होतं: सभा तहकूब करण्यास श्रीमती सुमन दगडू कांबळे यांनी हरकत घेतली.

“भाऊसाहेब, हे काय?”

ते एकदम घाबरले. “मी मान वर केली नव्हती हो ताई. आवाज ऐकला आणि लिहिलं.” मग हळूच म्हणाले, “तुम्ही काय लिहिलंय?”

मी माझी वही सभेनंतर उघडलीच नव्हती. तिथं टेबलावर उघडली. माझ्या अक्षरात, ओळीच्या सुरुवातीला, शंभर वेळा लिहिलं असेल तसं: अक्का, हरकत. आणि पुढं सगळं बोलणं, शब्दन्‌शब्द.

दोन वह्या. एकसारखं. तुझ्या नियमानं ते खरं ठरलं, अक्का. आम्ही दोघं त्या दोन ओळींकडं बघत बसलो. बाहेर शिपाई कुणालातरी दाखला देत होता आणि मला वाटत होतं की आता मागं वळून बघू नये.

“राहू द्या की,” भाऊसाहेब म्हणाले. “गावालाही तेच बरं वाटतंय.”

मलाही वाटत होतं. देवाशपथ सांगते, मला त्या क्षणी गायरानाचंही काही वाटत नव्हतं. त्या पानावर तू आलेली होतीस. सरकारी वहीत, शिक्क्यासह. मी खोडलं नाही तर तू त्या सभेला होतीस, कायमची. मी “मी न्हाई येत जा” म्हणाले होते आणि तू आली होतीस.

पण ते पान उद्या कुणीही पंचायत समितीत नेईल. मेलेल्या बाईनं हरकत घेतलेली सभा म्हणून ती रद्द करायला दाखला फक्त एकच लागेल, तुझा. सरपंचांना ते कळायला फार दिवस लागणार नाहीत. मग पुन्हा सभा, आणि त्या सभेला गाव येणार नाही.

मी भाऊसाहेबांचं पेन मागून घेतलं. आधी माझ्या वहीतलं तुझं नाव खोडलं, सरळ रेघ, एकच. मग त्यांनी त्यांच्या वहीत खोडलं, वर माझं नाव घातलं, पूर्ण, नवऱ्याच्या आणि सासरच्या नावासकट. कडेला शेरा लिहायला लागतो, तो त्यांच्याच्यानं लिहवेना. मी लिहिला. “सदर व्यक्ती मयत, सभेस गैरहजर.” तुझ्याबद्दल मी आजवर लिहिलेलं हे सगळ्यात लहान वाक्य, आणि ते खरं आहे की नाही हे मला माहीत नाही. त्याखाली सही केली. बघितली तर ती माझी सही वाटत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा ग्रामसभा आहे. सुरुवातीला हे इतिवृत्त वाचून दाखवतील आणि विचारतील, कुणाची काही हरकत? मी वही उघडून बसलेली असेन. माझं चुकलं असेल, तर ऊठ अक्का आणि सांग. या वेळी मी आधी मान वर करून बघीन, मगच लिहीन.